ओट्यावर पालथं ठेवलेलं लिंबू

आमच्या घरी कुणी पहिल्यांदा आलं की पाणी पिऊन, दोन शब्द बोलून झाल्यावर त्याची नजर स्वयंपाकघराकडे वळते. दार बैठकीच्या समोरच आहे, त्यामुळे ओटा सरळ दिसतो. खिडकीबाहेरच्या चिकूच्या झाडातून गाळून आलेला उजेड त्या करड्या दगडावर पडलेला असतो. मग प्रश्न येतो आणि तो नेमका मला येतो. "काका, दगड कुठला हो? तुम्हीच निवडला असणार."

हा ओटा बसल्यापासून माझी दगडातला जाणकार म्हणून बरीच ख्याती झाली आहे. आमच्या गावात, कैनाडला, कुणी घर बांधायला काढलं की पायऱ्यांपासून ओट्यापर्यंत मला विचारतात. वाणगावहूनही फोन यायचे. सुरुवातीला मी घसा खाकरून सल्ला देतही असे. त्या वेळी आतून भांड्यांचा आवाज जरा वाढायचा, एवढंच.

हे आता पुरे. तो ओटा मी निवडलेला नाही. तो माझ्या बायकोने निवडला, आणि मी विरोध करत असताना निवडला. त्याच्याआधीचा पांढरा संगमरवरी ओटा, जो डागाळला आणि ज्याच्यावरून तिला नातेवाइकांत इतकी वर्षं बोल लागला, तो मात्र माझ्या पसंतीचा होता. गावातल्या लोकांच्या तोंडी अजून हे बरोबर उलटं आहे. ते उलटं करण्यात माझा हात होता, म्हणून सुलटं करण्याचं कामही माझंच.

मी रेल्वेत होतो, तिकीट खिडकीच्या आतल्या बाजूला. बायको बोर्डीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सकाळी एसटीने जायची, दुपारी परत. कैनाडला वडिलांच्या वाटणीच्या तुकड्यावर आम्ही घर बांधलं तेव्हा मुलगी शाळेत जायला लागली होती. बाकी सगळं घर साधंच होतं, पण ओटा पांढऱ्या संगमरवराचा हवा हे मी कधीचं मनात धरलं होतं.

त्याला कारण होतं. नोकरीला लागलो तेव्हा एकदा पार्सलच्या कामासाठी डहाणूच्या समुद्राकडच्या एका वाडीवाल्यांच्या बंगल्यात गेलो होतो. आत पांढऱ्याशुभ्र संगमरवराचं लांबलचक टेबल होतं, त्यावर काचेच्या वाडग्यात चिकू. ते टेबल माझ्या डोळ्यांपुढून गेलं नाही. त्या टेबलावर कुणी कधी कांदासुद्धा चिरला नसेल, त्यांचा स्वयंपाक मागच्या अंगणात वेगळ्या खोलीत होत असेल, हे माझ्या डोक्यात यायला मला म्हातारं व्हावं लागलं.

दगड घ्यायला आम्ही दोघं गेलो होतो. दुकानदार लाद्यांवर पाणी मारून दाखवत होता आणि मी खूश होतो. बायकोने बाहेरच्या सरबताच्या गाडीवरून एक लिंबू आणलं, अर्धं पिळलं ते एका फुटक्या तुकड्यावर. बारीक बारीक बुडबुडे आले. ती थांबली, मग तिने रुमालाने पुसून तुकडा तिरपा धरून मला दाखवला. जिथे लिंबू पडलं होतं तिथली चकाकी गेली होती.

"हा डाग नाही," ती म्हणाली. "इथे दगड विरघळलाय. खडूचाच भाऊ आहे हा. आपल्याकडे चिंच, लिंबू, कैरी, ताक ह्यांच्याशिवाय दिवस जातो का?"

"ताटली ठेवायची खाली," मी म्हणालो. "आणि लगेच पुसायचं."

"कोण?"

तिने एवढंच विचारलं. मी हसलो, दुकानदारही हसला आणि लादी गाडीत चढली.

पहिला महिनाभर ओटा बंगल्यातल्या टेबलासारखा दिसला. मग एका बाजूला कपाच्या बुडाएवढं धुरकट वर्तुळ उमटलं. ताकाचं असावं. नंतर सिंकजवळ एक, गॅसशेजारी दोन. हळद सांडली ती पिवळी छटा ठेवून गेली. चिकू काढणीच्या दिवसांत घरात कच्च्या चिकवांच्या टोपल्या यायच्या, त्यांचा चीक ठिबकून काळा व्हायचा आणि तो खरवडताना दगडावर ओरखडे उठायचे. ती रोज पुसायची. रात्रीही पुसून मगच झोपायची. पण विरघळलेला दगड पुसून परत येत नाही, आणि हे तिला माहीत होतं, मलाही तिने सांगितलेलं होतं.

मी काय केलं, तर नियम केले. लिंबू बशीतच ठेवायचं. चिंचेचा कोळ ओट्यावर करायचा नाही. मासे तर नाहीच. मासे मागच्या पडवीत, विळी घेऊन, खाली बसून. लोणचंही पडवीतच, चटई अंथरून. निवडणुका झाल्यावर मी कुठून तरी फ्लेक्सचं एक मोठं बॅनर मिळवलं आणि ते कापून ओट्यावर अंथरलं. एका पडलेल्या उमेदवाराच्या हात जोडलेल्या फोटोवर आम्ही कितीतरी दिवस पोळ्या लाटल्या. मुलगी म्हणायची, "बाबा, हे काका मतं मागतायत की पोळी?" शेवटी एकदा गरम पातेलं त्याच्या कपाळावर टेकलं, प्लॅस्टिक वितळून दगडाला चिकटलं आणि घरभर असा वास सुटला की बायकोने ते बॅनर तिथल्या तिथे गुंडाळून बाहेर टाकलं. "ह्याची शाई पोळीबरोबर पोटात जात होती इतके दिवस," ती म्हणाली. चिकटलेला तुकडा निघाला, पण जागा खडबडीत झाली.

अशा रीतीने आमच्या घरात ओटा पाहुण्यांना दाखवायचा आणि काम जमिनीवर करायचं, असं ठरून गेलं. एवढं सगळं करून तो ओटा दाखवण्यासारखाही राहिला नव्हता.

माझी थोरली बहीण वाणगावला दिलेली. दर उन्हाळ्यात कैऱ्यांच्या लोणच्याला ती आमच्याकडे येते, सोबत स्वतःचा कैऱ्या फोडायचा अडकित्ता घेऊन, कारण आमच्या अडकित्त्यावर तिचा विश्वास नाही. ताईची जीभही त्याच धारेची. एका वर्षी ओट्याकडे बघून ती सगळ्यांदेखत म्हणाली, "शाळेत पोरांना स्वच्छता शिकवते आणि घरचा ओटा बघा. पांढऱ्या दगडाची पार रया घालवली हिने."

तेव्हा मी एक वाक्य बोललो असतो तर प्रकरण तिथेच संपलं असतं. मी म्हणालो, "तिला वेळ कुठे मिळतो, ताई."

बाजू घेतल्यासारखं वाटतं ना? पण त्या वाक्याने दोष तिच्याच पदरात पक्का बसला. पडवीत विळीवर बसलेल्या बायकोने मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कैरी चिरायला घेतली. त्यानंतर ते वाक्य नातेवाइकांत फिरत राहिलं. मास्तरीणबाईंना ओटा राखता येत नाही. माझ्या मुलीलाही मोठेपणी तेच खरं वाटत होतं.

मग आमच्या भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. डहाणू-तलासरीकडच्या लोकांना ते सांगायला नको. भांडी वाजायची, फळीवरचे डबे सरकायचे, काही दिवस लोक अंगणात मांडव घालून राहिले. आमच्या घराला विशेष काही झालं नाही, पण ओट्याला सिंकच्या कोपऱ्यापासून भिंतीपर्यंत चीर गेली. खाली दोनच बारीक भिंतींचा आधार होता, मधली लादी अधांतरी. चिरेत पाणी मुरायला लागलं, वास यायला लागला. तरीही मी पांढरं सिमेंट भरून काही वर्षं काढली.

निकाल लागला तो बायकोच्या गुडघ्यांमुळे. डॉक्टरांनी सांगितलं की मांडी घालून बसणं बंद, उकिडवं बसणं तर अजिबात नाही. घरी येऊन तिने विळी पुसली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माळ्यावर टाकायला माझ्या हातात दिली.

"खाली बसणं संपलं," ती म्हणाली. "आता ओट्यावर सगळं होणार असेल, मासे, लोणचं, चिंच, सगळं, तर हे स्वयंपाकघर माझं. नाहीतर बाई लावा आणि मला बाहेर खुर्ची द्या."

तिला खुर्ची दिली तर काय होईल हे मला कळत होतं. शाळेतून निवृत्त झाल्यानंतर ती जी काही होती ती त्या स्वयंपाकघरात होती. चिकूच्या वाळवलेल्या चकत्या, कैरीची तीन तऱ्हांची लोणची, बोंबलांचं तिखलं. शेजारपाजारच्या मुली तिच्याकडे शिकायला येतात. नवीन ओटा घालायचा हे ठरलं.

आणि मी, इतकं सगळं होऊनही, मनातून पुन्हा पांढराच धरून बसलो.

या वेळी मला साथ मिळाली मुलीची. ती लग्न होऊन उंबरगावला असते, गाडी चालवते, तिच्या घरी नवीन किचन झालेलं. "आई, आता सगळे क्वार्ट्झच घेतात. लिंबाने काही होत नाही, पॉलिश नको, काही करावं लागत नाही. आणि पांढरं येतं, बाबांना हवं तसं." मला तर ते शब्द अमृतासारखे वाटले. तेच टेबल, पण लिंबू चालणारं.

तलासरीच्या पुढे हायवेला लागून दगडांची गोडाऊन आहेत, तिथे ती आम्हाला घेऊन गेली. उभ्या लाद्यांच्या रांगा, वर पत्रा, आणि समोरून सतत जाणारे ट्रक. दुकानदार गुजराती-मराठी मिसळून बोलणारा, हसतमुख. त्याने मला लगेच ओळखलं, म्हणजे गिऱ्हाईक म्हणून. थेट पांढऱ्या क्वार्ट्झपुढे नेऊन उभं केलं. मी हात फिरवत राहिलो. बायको मात्र ग्रॅनाइटच्या बाजूला गेली. पर्समधून पाण्याची बाटली काढून तिने एकेका लादीच्या तुकड्यावर पाण्याचे थेंब ठेवले आणि म्हणाली, "चला, चहा घेऊ."

"बेन, आ शुं, पूजा केली?" दुकानदाराने विचारलं.

"चहा होईपर्यंत कळेल."

चहा पिऊन आलो तेव्हा एका फिक्या दगडावर थेंबाखाली काळपट ओल उतरली होती. करड्या दगडावर थेंब तसाच टपोरा बसलेला. "हा पाणी पीत नाही," ती म्हणाली. "जो पाणी पितो तो तेलही पिणार."

मग दुकानदाराने एक काळाकुळकुळीत तुकडा पुढे केला. "बेन, हा घ्या. एकदम जेट ब्लॅक. सगळा डाग लपेल."

"डाग लपवायचा नाहीये, जायला हवाय," ती म्हणाली आणि मुलीकडे हात केला. "तुझ्या पर्समध्ये नेलपॉलिश काढायचं असेल ना?" ते पांढऱ्या रुमालावर घेऊन तिने दगडावर घासलं. रुमाल काळा झाला. दगडाला रंग चोपडलेला होता.

दुकानदाराने रुमालाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बेन, तुम्ही टीचर की इन्कमटॅक्सवाले?"

"टीचर. इन्कमटॅक्सवाले चहा पीत नाहीत."

तो मोठ्याने हसला आणि हवे तेवढे तुकडे घरी न्यायला दिले. काळा मात्र त्याने स्वतःच मागे ठेवला.

घरी पडवीच्या कठड्यावर तिने तुकडे मांडले. पांढरं क्वार्ट्झ, करडा ग्रॅनाइट, काळा कडप्पा, जोडून चिकटवलेल्या दोन टाइल्स. शेवटी आमच्या जुन्या ओट्याचा चिरेतून निघालेला एक तुकडा. "हा कशाला?" मुलीने विचारलं. "आरोपी हजर पाहिजे," ती म्हणाली.

प्रत्येकावर लिंबाची फोड, चिंचेचा कोळ, तेलात कालवलेली हळद आणि कच्च्या चिकवाचा चीक. शाळेत प्रयोग लावावा तसं लावून ती जेवायला आली. चहाच्या वेळेला आम्ही पुसायला घेतलं.

संगमरवराचं काय झालं हे सांगायला नको. मुलगी तो तुकडा उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली. स्वच्छ, कधी न वापरलेल्या बाजूवर एका दुपारीत तेच धुरकट वर्तुळ उमटलं होतं, जे ती लहानपणापासून घरच्या ओट्यावर बघत आली होती. "म्हणजे हे पुसून जाणारच नव्हतं?" तिने विचारलं. आईने पुढचा तुकडा पुसायला घेतला. पण मुलीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

कडप्प्यावरही लिंबाखाली पांढुरकी फिकट जागा पडली. मला आश्चर्य वाटलं, कारण आमच्या भागात अर्ध्या घरांत कडप्पाच आहे. "हाही चुनखडकच," बायको म्हणाली, "फक्त काळा, आणि थोडा चिवट." टाइल्स निघाल्या स्वच्छ, पण दोन्हींच्या मधल्या सांध्यात हळद जाऊन बसली ती बसलीच. चीक सगळीकडे चिकटला होता. खोबरेल तेलाचा हात लावल्यावर ग्रॅनाइटवरून आणि क्वार्ट्झवरून तो गोळा होऊन सुटला.

क्वार्ट्झवर हळदीची अगदी पुसट छटा होती, साबणाने तीही गेली. लिंबू, चिंच, काही नाही. पांढरं, शुभ्र. मी सरळ म्हणालो, "झालं. हेच."

"थांबा," ती म्हणाली आणि आत गेली. भजी तळली होती, लोखंडी कढई अजून गॅसवर होती. चिमट्यांनी धरून ती बाहेर आली आणि कढई क्वार्ट्झवर ठेवली. थोड्या वेळाने उचलून ती ग्रॅनाइटवर ठेवली.

क्वार्ट्झवर पिवळट कडं उमटलं होतं आणि फ्लेक्स जळल्याच्या त्या जुन्या वासाचा एक धाकटा भाऊ पडवीत फिरत होता. ग्रॅनाइटवर कढईच्या बुडाचं तेल लागलं होतं, ते तिने पुसलं.

"दगडाची पूड आहे ही, राळेने बांधलेली," ती म्हणाली. "पुडीला काही होत नाही. राळ भाजते."

"पण आई," मुलगी म्हणाली, "खाली स्टँड ठेवायचा ना. आम्ही ठेवतो."

बायकोने मुलीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"कोण?"

तोच शब्द, तसाच. दुकानात सरबताच्या गाडीवरचं लिंबू हातात घेऊन विचारलेला. तेव्हा मी हसलो होतो. आता मी पडवीत उभा होतो, समोर पिवळं कडं पडलेला पांढरा तुकडा, आणि मला पहिल्यांदाच त्या शब्दाचं उत्तर द्यावंसं वाटलं.

"कुणीच नाही," मी म्हणालो. "करडा घेऊ."

तिने कढई उचलली आणि आत जाता जाता म्हणाली, "भजी गार होतायत." तिच्या पाठीकडे बघूनसुद्धा ती हसतेय हे कळत होतं.

दगड आला तेव्हा मिस्त्रीही आला. आमच्याकडचे मिस्त्री ओट्याची उंची स्वतःच्या कमरेला हात लावून धरतात. त्यांची उंची बाईच्या उंचीशी जुळली तर तिचं नशीब. जुना ओटाही असाच कुणा उंच मिस्त्रीच्या कमरेचा होता, आणि माझी बायको ठेंगणी. इतकी वर्षं ती खांदे उचलून पोळ्या लाटत होती हे मला त्या दिवशी कळलं, कारण तिने मिस्त्रीला बाजूला सारलं, पोळपाट हातात धरून भिंतीशी उभी राहिली आणि म्हणाली, "इथे रेघ मारा. माझ्या कोपराखाली."

"काकी, एवढा खाली? काका वाकतील."

"काका इथे येतात कुठे? आले तर वाकू देत."

मिस्त्रीने रेघ मारली. लादीखाली तिने सलग आधार भिंत घालून घेतली, मध्ये अधांतरी काही ठेवलं नाही. सिंकच्या कोपऱ्यांना गोलाई दिली, कारण मागची चीर तिथल्याच काटकोनातून गेली होती. कापताना मशीनवर पाणी सोडायला लावलं आणि तेही बाहेर अंगणात, मिस्त्रीच्या तोंडाला फडकं बांधून. तो कुरकुरला, "काकी, चिखल होतो हो."

"चिखल धुता येतो. छातीत गेलेली धूळ कशी धुणार?"

लादी बसली. तिच्यावर हात ठेवला तर गार आणि सपाट. पांढरी नव्हती. पण दुपारी खिडकीतून चिकूच्या पानांची सावली तिच्यावर हलायला लागली तेव्हा मी थोडा वेळ तिथे उभा राहिलो, हे कबूल करतो.

आणि मग लोणच्याचा दिवस आला.

ताई आली, अडकित्ता पिशवीत घेऊन. आता तीही थकली आहे, पण जीभ नाही. ओट्यासमोर उभी राहून तिने चष्मा वर केला, खाली केला. "पांढरं गेलं, काळं आलं. बघू किती दिवस टिकतं."

"करडं आहे, वन्सं," बायको म्हणाली आणि धुतलेल्या कैऱ्यांची टोपली सरळ ओट्यावर उपडी केली.

मी दचकलो. सवयीनेच. कैऱ्या घरंगळल्या, एक सिंकपर्यंत गेली. अडकित्ता ओट्यावरच बसवला गेला आणि खटाखट फोडी पडायला लागल्या, कोयी एकीकडे, फोडी एकीकडे, आंबट रस मधून वाहत चाललेला. बायको उभी होती. पाठ ताठ, खांदे खाली. मुलगी हळद-मीठ लावत होती. पडवीत चटई नव्हती, विळी नव्हती, आणि कुणाला उठताना हात द्यावा लागत नव्हता.

तेल मोहरीत कालवताना ताईचा वाडगा कलंडला. पिवळं तेल ओट्यावर पसरलं. चुकून कलंडला की मुद्दाम, हे मी ताईला ओळखत असूनही सांगू शकत नाही.

"अगंबाई, सांडलं."

"सांडू दे, वन्सं. अजून हवं तर अजून सांडा."

ताईने भुवया उंचावल्या आणि ती फोडी मोजल्यासारख्या बरणीत भरायला लागली. तेल तसंच राहिलं. बरण्या भरून झाल्या, तोंडाला फडकी बांधून झाली, मगच बायकोने साबणाच्या पाण्यात फडकं पिळलं, ओटा पुसला, मग कोरड्याने एकदा. ताई उठून आली. बोट फिरवलं. अंगठ्याच्या नखाने खरवडून पाहिलं. वाकून खिडकीच्या उजेडात आडवी नजर टाकली, जशी ती बाजारात मासळीवाल्याचा तराजू बघते.

"ह्याला लावतेस काय?"

"काही नाही. पाहिलंत तेवढंच."

"म्हणजे हा तरी पुसतेस."

इथे मी बोललो. मी बैठकीत बसलो होतो, तिथून उठून दारात आलो.

"ताई, ती तोही पुसत होती. रोज दोनदा. तो पुसून जाणारा डाग नव्हता, तो दगडच तसला होता. हिने घेण्याआधी दुकानात लिंबू पिळून मला दाखवलं होतं. तरी मी घेतला. तू हिला बोललीस तेव्हा हे मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो."

मुलीच्या हातातलं फडकं थांबलं.

"गप्प कुठे बसलास?" ताई म्हणाली. "वेळ मिळत नाही तिला, म्हणालास. मला आठवतं. माझ्या दिराच्या घरी मी तेच सांगितलं सगळ्यांना." मग बायकोकडे वळली. "आणि तू गं? तुला तोंड नव्हतं? मास्तरीण ना तू?"

"शाळेत एकच गोष्ट दहादा सांगावी लागायची, वन्सं. घरी एकदाच सांगायची असं ठरवलं होतं."

ताईला हसू आलं. ते आवरायला तिने पदर तोंडाशी नेला, पण खांदे हलत होते. मग मुलगी हसली, आणि बायको वळून बरण्या पुसायला लागली, बरण्या आधीच पुसलेल्या असताना.

"माझ्या सुनेला ओटा बदलायचाय," ताई म्हणाली. "मी म्हणत होते याला घेऊन जा, याला दगडातलं कळतं. तू चल. हा नको."

"हे घरी राहून वाकायची प्रॅक्टिस करतील," बायको म्हणाली.

आता वाणगावलाही सगळ्यांना खरं माहीत आहे. ताईने ते माझ्याहून जास्त उत्साहाने पोचवलं. मला फोन येतात ते मी सरळ आत नेऊन देतो. बायको विचारते, "तुमच्याकडे काय काय शिजतं ते आधी सांगा," आणि मग दगडाचं बोलते.

जुना संगमरवरही फुकट गेला नाही. त्याची एक चांगली बाजू तिने मिस्त्रीकडून गोल कापून घेतली, तिच्यावर आता पोळ्या लाटल्या जातात आणि त्या चिकटत नाहीत. उरलेला जाड तुकडा फडक्यात गुंडाळून ओल्या बोंबलांवर दाबायला ठेवतात, पाणी निघून जायला. "दगड वाईट नव्हता," ती म्हणाली. "त्याला भलत्या कामाला लावलं होतं."

त्या लोणच्याच्या दिवशी जेवायला बसण्याआधी बायकोने लिंबू कापलं. अर्धं पिळलं ते तळलेल्या बोंबलांवर. उरलेलं अर्धं तिने ओट्यावर ठेवलं. पालथं, कापलेली बाजू खाली, दगडावर टेकवून.

माझा हात बशीकडे गेला. इतक्या वर्षांची सवय, बशी कुठल्या कप्प्यात असते हे हाताला पाठ. बायको पानं वाढत होती. तिने माझ्या हाताकडे पाहिलं.

"अहो, या जेवायला. बोंबील मऊ पडतील."

मी बशी जागच्या जागी सोडली आणि ताईशेजारी बसलो. बोंबील कुरकुरीत होते. ताईने दोनदा मागून घेतले, आणि जेवण संपेपर्यंत ते लिंबू तसंच होतं.